तिसऱ्या खंडातला छुंदा

नवव्या खंडाचं शेवटचं पान वाचून झालं, मी "समाप्त" म्हटलं आणि चष्मा काढून ठेवला. सासूबाई समोर बसून वाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला.

"समाप्त म्हणजे?"

"म्हणजे संपलं, आई."

"असं कसं संपलं? त्या धाकटीचे दिवस भरलेत आणि लेखक उठून गेला?"

लेखकाच्या वतीने मी थोडं बोलून पाहिलं. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे. शेवट सूचक असतो, वाचकाच्या कल्पनेला वाव ठेवलेला असतो, हे मला झोपेतही बोलता येतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. मग उद्या काय वाचणार?"

आमच्या सासूबाई शहाऐंशीच्या आहेत. नाव चिमणाबाई. ते बडोद्याच्या महाराणींवरून ठेवलेलं, आणि हे त्यांनी घरात कुणाला विसरू दिलेलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि रक्तात साखर इतकी, की डॉक्टर ऑपरेशनचं नाव काढेनात. म्हणून गेल्या दिवाळीपासून दुपारी जेवणं झाली की मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं ठरलं. ही कल्पना माझ्या यजमानांची. दुसऱ्याने करायच्या गोष्टी रमाकांतरावांना फार सुंदर सुचतात.

आता खरं काय ते सांगते. आम्ही सासवा-सुना चाळीसेक वर्षं एका घरात आहोत आणि एकदाही भांडलेलो नाही. फतेगंजमधल्या आमच्या सोसायटीत आमचं उदाहरण देतात. पण भांडण नाही म्हणजे बोलणं आहे असं थोडंच असतं! "मीठ कमी पडलंय", "गॅस बंद केलास का", "आज दूधवाला आला नाही", एवढ्या भांडवलावर चाळीस वर्षं निघतात. लोकांना पटत नाही, पण निघतात. त्या नऊ खंडांनी आम्हाला पहिल्यांदा एका बाजूला बसवलं. गोष्टीतल्या कपटी दिवाणजीला आम्ही दोघी मिळून शिव्या द्यायचो. एकदा तर तो विहिरीत पडल्यावर सासूबाईंनी हसून माझ्या हातावर टाळी दिली. मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं होतं, पण हे बातम्या बघत होते.

समाप्तनंतर सासूबाईंनी चार दिवस नुसत्या वाती वळल्या. देवाला पुढची दोन वर्षं पुरतील इतक्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मी आनंदकडे जाते पुण्याला. मोहनाच्या इमारतीत भजनी मंडळ आहे म्हणे. इथे नुसतं बसून काय करू?"

आनंद म्हणजे माझे धाकटे दीर, मोहना जाऊ. हे वाक्य ऐकायची मी एके काळी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आणि आता ऐकलं तर नकोसं वाटलं! दुपारचा तो एक तास गेला तर आम्ही पुन्हा मीठ आणि दूधवाल्यावर येणार, हे मला स्पष्ट दिसलं. पण सून सासूला "जाऊ नका" म्हणते, हे तोंडातून निघावं कसं? तशी सवय नाही. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा. याहून मोठी मालिका आणते."

"मोठीच हवी," सासूबाई म्हणाल्या. "आणि घरातल्या माणसांची हवी. आणि शिव्या द्यायला कुणीतरी हवं."

मालिका शोधतेय हे मी सोसायटीत बोलून गेले, तिथे चुकले. शेजारचे पीयूषभाई आमच्याशी मराठीत बोलतात, म्हणजे सुरुवात मराठीत करतात. "स्नेहलताबेन, तुम्ही सिरीज शोधता ने? तमे टेन्शन शु काम लो छो? आमच्या टीव्हीवर एक छे, एकदम फर्स्ट क्लास!" त्यांनी सासूबाईंना हाताला धरून नेलं, सोफ्यावर बसवलं, वर खाखरे दिले. पहिल्या पाच मिनिटांत इतक्या गोळ्या सुटल्या की सासूबाईंनी विचारलं, "या मुलांच्या आया कुठे आहेत?" पीयूषभाईंनी अठरा भाग पाहिले होते, पण आया त्यांच्याही ध्यानात आल्या नव्हत्या.

मग खालच्या मजल्यावरची मिताली आली. कॉलेजात आहे, गुणी मुलगी. तिने सासूबाईंच्या कानात ती बटणं घातली आणि फोनवर एक कादंबरी लावून दिली. अर्ध्या तासाने सासूबाईंनी बटणं काढून टेबलावर ठेवली. "हा बाप्या श्वास कधी घेतो? मी थांब म्हटलं, थांबला नाही. काही विचारलं तर उत्तर देत नाही. उर्मट आहे." त्यावर मितालीने स्वतःचे इंग्रजी सात जाडजूड खंड आणून दिले. त्यात एक राजकन्या अग्नी ओकणाऱ्या सरड्यावर बसून देशोदेशी उडते. मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. सासूबाई म्हणाल्या, "ही सारखी उडते, तर राज्य कोण बघतं?" मी पुढची शंभर पानं चाळली. राज्य कुणीच बघत नव्हतं. सातही खंड खाली पोचवून आले.

शेवटी मांडवीच्या बाजूला एक जुनं मराठी वाचनालय आहे, तिथे गेले. टेबलाशी गणपतराव नावाचे गृहस्थ होते. मी म्हटलं सभासद व्हायचंय, तर त्यांनी विजेचं बिल मागितलं.

"हे बिल कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या सासऱ्यांच्या."

"मग त्यांना पाठवा."

"ते वारले."

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि बिलावरचं नाव अजून बदललं नाही?"

"हे बघा," मी म्हटलं, "मी पुस्तकं न्यायला आलेय, जबानी द्यायला नाही. याच वाचनालयात मी वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून आले होते."

"आला असाल. तेव्हा तुम्हाला नारळ दिला असेल. नारळाला जामीन लागत नाही, पुस्तकाला लागतो. एखादा जुना सभासद घेऊन या, तो सही करेल."

मी ओळखीची मराठी घरं पालथी घातली. एकही सभासद निघेना! सगळे अभिमानाने सांगायचे की आमचे आजोबा होते. आणि सभासद निघाले कोण, तर पीयूषभाई. शाळेत असताना वाचनालयाच्या पंख्याखाली बसायला मिळावं म्हणून झाले होते, आणि वर्गणी कधी चुकवली नव्हती. ते स्कूटरवरून माझ्याबरोबर आले आणि त्यांनी सही ठोकली. मराठीची शिक्षिका मी, वाचनालय मराठी, आणि माझ्या वाचनाची हमी देणार पीयूषभाई! परत येताना ते म्हणाले, "चालशे बेन, आपण शेजारी छिए."

पण मालिका मिळाली. नांदगिरीच्या इनामदारांची, सहा खंड, सगळे जाडजूड. त्यात अहल्या नावाची नवी सून आणि तिला छळणारी आक्कासाहेब नावाची सासू. म्हणजे शिव्या द्यायचीही सोय. एकच अडचण होती. "तिसरा खंड एक सभासद आपल्या गावी घेऊन गेले," गणपतराव म्हणाले. "पुढे सभासद वर गेले. खंड कुठे गेला ते कळलं नाही. पण तिसऱ्याचं गुजराती भाषांतर आहे. बडोद्यात राहता, गुजराती येत असेलच की."

येतंच. आम्ही बडोद्याचे लोक बाजारात गुजराती, घरात मराठी आणि रिक्षावाल्याशी भांडताना हिंदी बोलतो. पहिले दोन खंड दणक्यात झाले. सासूबाईंनी पुण्याचं नाव काढलं नाही. तिसरा आला तेव्हा मी डोळ्यांनी गुजराती वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे, न अडखळता. आपल्याला इतकं येतं आणि कुणी बघायला नाही, याचं मला वाईटसुद्धा वाटलं.

आणि मग तो प्रसंग आला. इनामदारांच्या दारात बैलगाडी थांबली. अहल्येचे वडील उतरले. आक्कासाहेब सोप्यावर उभ्या होत्या. मी पान उलटलं.

'पाच किलो राजापुरी कैरी धुऊन, पुसून, जाड किसणीने किसून घ्यावी.'

मी पुन्हा वाचलं. कैरीच होती. पुढचं पान उलटलं, तर छुंदा उन्हात ठेवून वर कापड बांधायला सांगितलं होतं. त्याच्या पुढे मुरब्बा. कुणा बाइंडरने खंडाच्या पोटात लोणच्याच्या पुस्तकातली चांगली साठ पानं शिवून टाकली होती, आणि मूळची साठ पानं कुठल्या तरी लोणच्यात गेली होती.

"थांबलीस का?" सासूबाई म्हणाल्या. "मग? आक्कासाहेब काय म्हणाली?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण गोष्ट अर्धवट राहिली म्हटलं असतं तर संध्याकाळी पुण्याला फोन गेला असता. मी तोंड उघडलं, आणि जे आलं ते बोलत गेले. अहल्येचे वडील दारात उभे राहिले. उन्हातून आले होते, टोपी हातात, काखेत घरच्या गुळाची ढेप. जेवायची वेळ होती. आक्कासाहेब म्हणाली, "सूनबाई बाहेर गेलीय, संध्याकाळी या." बसा म्हटलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. वडील गूळ उंबऱ्याच्या आत ठेवून परत फिरले. नाक्यावर उभ्या उभ्या काहीतरी खाल्लं आणि गावी गेले. त्यानंतर ते मुलीच्या घरी कधी जेवले नाहीत.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की यातलं काहीच मी रचत नव्हते. फक्त एसटीची बैलगाडी केली होती आणि शेव-उसळीचं काहीतरी.

सासूबाईंच्या हातातला कापूस खाली पडला. "काय गं बाई ही! मेलीच्या हाताला काय लकवा भरला होता? व्याही दारात, आणि पाणी विचारू नये? हिला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही!"

मी मान खाली घालून कैरीच्या किसाकडे बघत राहिले. मला फार बरं वाटत होतं. इतकं बरं, की दुसऱ्या दिवशी मी आपणहून म्हटलं, "काल कुठे होतो आपण?" आणि वडिलांचं सगळं पुन्हा एकदा वाचलं.

मग काय, मला चटकच लागली. लोणच्याची साठ पानं, आणि त्यात मला चाळीस वर्षं बसवायची होती. नवरात्रात अहल्येला गरब्याला जाऊ दिलं नाही, तो दिवस आला. तिच्या माहेरची पैठणी धाकट्या जावेला नेसवली, ती आली. इनामदारांच्या काळात नांदगिरीला गरबा कसला, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. मी म्हटलं, भाषांतर गुजराती आहे ना, थोडं इकडचं तिकडचं होतं. त्यांना पटलं. त्या रोज आक्कासाहेबांना नवी शिवी शोधून ठेवायच्या. एकदा कळवळून म्हणाल्या, "ही मरत कशी नाही?"

"अजून तीन खंड आहेत, आई."

पण ऐकण्याच्या नादात सासूबाईंची दुपारची जिलेबी सुटली. साखर उतरली. डॉक्टर खूश झाले आणि म्हणाले, आता करून टाकू. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळे झाले. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. पीयूषभाईंनी पेढा वाटला, तो सासूबाईंच्या साखरेमुळे मलाच खावा लागला. आनंदभावजींनी पुण्याचं तिकीट काढलं. आता आई स्वतः वाचतील, इथे अडकून पडायचं कारण काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं. म्हणून तर रडू येत होतं.

त्यात ते पुस्तक घरात. सासूबाईंचा जन्म बडोद्यातला, गुजराती त्यांना माझ्याहून चांगलं येतं. मी तातडीने वाचनालय गाठलं. दाराला पाटी होती. वार्षिक मोजणी चालू असल्याने पुस्तकं दिली-घेतली जाणार नाहीत. मी फटीतून गणपतरावांना खंड दाखवला. ते आतून म्हणाले, "आत्ता घेतला तर मोजणीत एक जास्त भरेल."

"तुमचाच आहे हो!"

"म्हणून तर. तो बाहेर आहे असं लिहून झालंय."

पुस्तक घेऊन परत आले आणि कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवलं. दोन दिवसांनी भाजी घेऊन घरात शिरते, तो सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेल्या, आणि मांडीवर तिसरा खंड.

"यात छुंदा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"कृती चुकीची आहे. इतकी साखर घातली तर पाक होईल."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. त्यांनी सावकाश एकेक पान उलटून दाखवलं. छुंदा, मुरब्बा, मेथंबा. "आणि अहल्येचे वडील कुठे आहेत? डभोईहून आलेले?"

मी गोष्टीत डभोई कधीच म्हटलं नव्हतं. माझे बाबा डभोईचे होते.

"महिनाभर मी मलाच शिव्या घालत होते," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू ऐकत होतीस. मजा वाटली असेल."

"हो," मी म्हटलं. का कोण जाणे, पण खोटं बोलवेना. "वाटली."

त्यांनी पुस्तक मिटलं. चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते. "तुझ्या सासऱ्यांच्या मिलला तेव्हा टाळं लागलं होतं. नव्या सुनेला कळता कामा नये, असं त्यांनी मला बजावलेलं. रमाकांत ट्रेनिंगला मुंबईला. तुझा पहिला पगार व्हायचा होता. डब्यात दोन पोळ्यांची कणीक होती, आणि तू शाळेतून भुकेली येणार होतीस. व्याह्यांना काय वाढू?"

"पण पाणी?" माझा आवाज चढला. "पाण्याला काय झालं होतं?"

"पाणी दिलं असतं तर बसले असते."

त्या संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी काय जेवले होते, ते आठवायचा प्रयत्न केला. गुळाची ढेप आठवत होती. उंबरा आठवत होता. बाबा परत गेल्याचं शेजारणीने सांगितलं होतं, तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा आठवत होता. जेवणाचं काहीच आठवेना.

आणि मग मला इतका राग आला की मी ओरडलेच. "मग सांगायचं होतं ना! चाळीस वर्षं माझ्या मनात काय काय राहिलं! माझे बाबा गेले हो, तुम्हाला नावं ठेवत गेले!"

"तू विचारलंस कधी?" त्याही ओरडल्या. "तोंड वाकडं करून कणीक मळायचीस नुसती! मला वाटलं, हिला सगळं कळतंय, शिकलेली आहे!"

"शिकलेली आहे म्हणून डब्यातलं पीठ दिसतं का मला?"

"स्वयंपाकघरात आली असतीस तर दिसलं असतं! आणि ती पैठणी! पैठणी मोहनाला नेसवली त्याचं कारण माहीत आहे तुला?"

"नाही माहीत! सांगा ना!"

आमचा आवाज बहुधा जिन्यात गेला असावा. दार उघडून हे धावत आत आले, मागे पीयूषभाई. या घरातून असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "अगं, काय झालं? आई, काय झालं?"

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये बोलू नका," मी म्हटलं.

हे भिंतीला टेकून उभे राहिले. हातात फोन होता, तो त्यांनी कसाबसा पुढे केला. "आनंद आहे लाइनवर. खालचा बर्थ मिळालाय म्हणतो. आईला स्टेशनवर कधी सोडू, विचारतोय."

"त्याला सांग, मी येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "हिने एकटीने साठ पानं सांगितली. माझी अजून पैठणीसुद्धा झालेली नाही." मग माझ्याकडे वळल्या आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस. आणि मध्ये बोलायचं नाही."

मी डोळे पुसले आणि बसले.